पाणमोट फुटल्यापासूनचे तास



ऊस विकास विभागाने बाळंतपणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण विषय जंतूचा आहे, आणि हा जंतू आधी गोठ्यात ओळखीचा झाला. गाईची कास सुजून दूध आटते, त्या रोगातला हा जंतू. नावही त्यावरूनच पडले, स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिई. अमेरिकेतील रिबेका लान्सफील्ड या विदुषींनी १९३३ साली या कुळाचे गट पाडले, त्यात हा 'ब' गटात बसला.

पुढे कळले की कित्येक धडधाकट बायांच्या आतड्यात व योनिमार्गातही तो असतो. आईला त्रास नाही, पत्ताही नाही. (तो गोठ्यातूनच लागतो असे समजू नये, माणसातले वाण बहुतेक निराळे.) बाळ त्याच वाटेने येते आणि जंतू त्याच्या फुप्फुसात, रक्तात शिरतो. मग दिवस-दोन दिवसांत बाळ दगावण्याची पाळी येते.

औषध साधे पेनिसिलीनच, पण वेळ साधावी लागते. बेणेप्रक्रिया आपण लागणीआधी करतो. काणी दिसल्यावर काय उपयोग? तसेच इथे. कळा सुरू झाल्यावर पेनिसिलीन किंवा अँपिसिलीन शिरेतून द्यायचे, तेही बाळ जन्मण्याच्या निदान चार तास आधी. महिनाभर आधी गोळ्या खाऊन भागत नाही, जंतू पुन्हा येतो. अमेरिकेत १९९६ साली याचे नियम झाले आणि २००२ पासून प्रत्येक गरोदर बाईची शेवटच्या महिन्यात तपासणी सुरू झाली. पूर्वी तिथे दहा हजार जन्मांमागे सतरा-अठरा बाळांना पहिल्या आठवड्यात हा रोग होई, तो दोन-तीनांवर आला.

आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही. इथल्या बाळांत क्लेब्सिएला, ई. कोलाय असे दुसरे जंतू जास्त सापडतात, त्यांना पेनिसिलीन पुरत नाही. नागपूर, बेळगाव धरून सात देशांत कळांच्या वेळी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक डोस देऊन पाहिला. २०२३ च्या निकालात आईचा जंतुदोष घटला, बाळाचा नाही. तेव्हा "इंजेक्शन द्याच" म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये.

मात्र पाणमोट फुटून अठरा तास उलटले, कळांत ताप आला, दिवस भरण्याआधीच कळा लागल्या, किंवा आधीचे बाळ या रोगाने आजारी झाले होते, तर धोका वाढतो. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. पेनिसिलीन सोसत नसेल तर तेही.

आपले घोडे अडते ते तासांवर. पाणी गेले तरी "कळा येऊ देत, मग बघू" म्हणत सुनेला घरी बसवतात. तोडणीच्या टोळीतली बाई तर कोपीवरच राहते. ज्यांच्या फडात टोळी आहे त्यांनी मुकादमाला आधीच विचारून ठेवावे, कोणाचे दिवस भरत आलेत. पाणमोट फुटली की घड्याळ पाहून वेळ लिहावी आणि १०८ ला फोन करावा. गाडी मोफत येते. उशीर होतोय असे दिसले तर आपली जीप काढावी, उसाची खेप तासभर थांबेल.

बाळ घरी आल्यावर ते अंगावर ओढेना, कण्हू लागले, धापा टाकू लागले, अंग गार वा तापलेले लागले, तर घुटी-धुरीत वेळ घालवू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.