कर्ज, व्याज आणि वॉर्डसाहेबांची गोष्ट

दिवाळीत भाची घरी आली होती. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर आहे. चेहरा ओढलेला दिसला म्हणून विचारलं, तर फराळाची ताटली बाजूला सारत म्हणाली, ''मामा, आमच्या टीमवर कर्ज फार झालंय रे.''

माझी सारी नोकरी कर्ज देण्यात आणि वसूल करण्यात गेली. मी चष्मा पुसून सरसावून बसलो. ''किती? आणि कोणत्या बँकेचं?'' ती खो खो हसली. ''अरे, पैशाचं नव्हे. टेक्निकल डेट म्हणतात त्याला. घाईघाईत प्रोग्रॅम लिहिलेत, आता ते निस्तरताना जीव जातोय.''

हा शब्द ज्यानं कुणी काढला त्याला खतावणीची जाण असणार, हे मला तेव्हाच वाटलं होतं. शोध घेतला तेव्हा वॉर्ड कनिंगहॅम हे नाव पुढं आलं. गेले काही महिने या गृहस्थांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

कनिंगहॅम यांचा जन्म १९४९ सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. शिक्षण तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठात झालं. पुढं ऑरेगन राज्यात, टेक्ट्रॉनिक्स या मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागात ते रुजू झाले. तिथं त्यांची केंट बेक या तरुण सहकाऱ्याशी जोडी जमली. दोघांनी १९८९ साली एक निबंध वाचला. विषय होता संगणकाचा प्रोग्रॅम कसा आखावा, आणि त्यांनी सुचवलेलं साधन होतं साधी पुठ्ठ्याची कार्डं! एका कार्डावर प्रोग्रॅममधल्या एका घटकाचं नाव लिहायचं, त्यानं काय काम करायचं ते लिहायचं आणि त्यासाठी कुणाची मदत घ्यायची तेही लिहायचं. मग टेबलाभोवती बसून ती कार्डं हातात घेऊन बोलायचं. संगणकाच्या माणसांनी संगणक बाजूला ठेवून एकमेकांशी बोलावं, हा त्यातला गाभा. पुढं या माणसानं जे जे केलं, त्याचं बीज मला या कार्डांत दिसतं.

त्यानंतर ते एका कंपनीत गुंतवणुकीचे हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम तयार करत होते. वायकॅश त्याचं नाव. काम चालू असताना नवं काही कळलं, की कनिंगहॅम आधी लिहिलेला भाग पुन्हा उघडत आणि नीट करत. चालतंय ते कशाला उचकटता, असा प्रश्न कुठल्याही साहेबाला पडणारच. आपले साहेब पैशाच्या व्यवहारातले, तेव्हा त्यांना त्यांच्याच भाषेत सांगावं, म्हणून त्यांनी कर्जाचा दाखला दिला. १९९२ साली एका परिषदेत त्यांनी तो लिहूनही मांडला. त्याचा मथितार्थ असा : पुरतं समजण्याआधी प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती देणं म्हणजे कर्ज काढणं. थोडं कर्ज वाईट नाही, त्यानं काम लवकर पुढं सरकतं. पण ते वेळेवर फेडायला हवं, म्हणजे शहाणपण आल्यावर तो भाग पुन्हा लिहायला हवा. न फेडलं तर त्या अर्धवट कामापायी पुढं वाया जाणारा प्रत्येक क्षण म्हणजे व्याज.

हे वाचलं आणि मला माझं एक जुनं व्हाउचर आठवलं.

साल १९८७. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नवखा अधिकारी होतो. तेव्हा सगळा कारभार हातानं चाले. जाडजूड लेजरं, संध्याकाळी बेरजा, आणि टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. एका कचेरीकडून दरमहा एक चेक आणि सोबत निवृत्तिवेतनाची यादी येई. एका महिन्यात यादीतला एक खातेक्रमांक आमच्याकडे सापडेना. रक्कम ४१२ रुपये. रात्रीचे आठ वाजले होते, शेवटची एसटी साडेआठची. मी ते ४१२ रुपये सस्पेन्स खात्यात टाकले आणि व्हाउचरवर लिहिलं, 'नंतर पाहावे'. हिशेब जुळला. एसटीही मिळाली.

पुढच्या महिन्यात तोच क्रमांक आला. मागच्या वेळी काय केलं ते क्लार्कनं पाहिलं आणि तेच केलं. असे पाच महिने गेले. मग बदलून आलेल्या एका मुलीनं सस्पेन्सची पानं उलटली, यादीतला एक आकडा उलटसुलट पडल्याचं तिच्या ध्यानात आलं आणि दहा मिनिटांत खातं सापडलं. ते एका शिपायाच्या विधवेचं होतं. बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. 'अजून आले नाहीत', एवढंच त्यांना काउंटरवरून सांगितलं गेलं होतं. तेही खोटं नव्हतं, त्यांच्या खात्यात काही आलंच नव्हतं.

दोन हजार साठ रुपये हातात घेताना बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ''साहेब, मणी गहाण पडलेत. सावकाराचं व्याज तेवढं जास्तीचं गेलं.''

कर्ज मी काढलं होतं, साडेआठच्या एसटीसाठी. व्याज त्या बाईंनी भरलं. आमच्या कुठल्याच खतावणीत त्या व्याजाची नोंद नाही.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''आमच्याकडेही असंच होतं, मामा. शॉर्टकट मारणारा नोकरी बदलून जातो. नवीन पोरं रात्र रात्र बसतात. आणि 'टेक्निकल डेट आहे, बघू पुढं' असं वरचे लोक हसत हसत म्हणतात, जणू ती सवलतच आहे.''

गंमत म्हणजे याच गैरसमजाबद्दल कनिंगहॅम यांना नंतर खुलासा करावा लागला. वाईट लिहा आणि मागाहून पाहू, असं मी कधीच म्हटलं नव्हतं, हा त्या खुलाशाचा सूर. आज जेवढं समजलं आहे तेवढं स्वच्छच लिहा, आणि उद्या अधिक समजलं की त्या समजुतीप्रमाणे बदला. म्हणजे कर्ज निष्काळजीपणाचं नव्हे, अपुऱ्या समजुतीचं. कादंबरी लिहिताना मला हे नेहमी अनुभवाला येतं. पंधराव्या प्रकरणात नायिकेचा स्वभाव उमगतो, तेव्हा पहिलं प्रकरण पुन्हा लिहावंच लागतं. न लिहिलं तर वाचक कुठंतरी अडखळतो, आणि ते व्याज त्याच्या माथी.

कनिंगहॅम यांची दुसरी करामत तुमच्याआमच्या घरात पोचली आहे. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी इंटरनेटवर अशी पानं खुली केली, की वाचणारा कोणीही ती दुरुस्त करू शकेल. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव त्यांना आठवलं, 'विकी विकी'. हवाई बेटांच्या भाषेत याचा अर्थ झटपट. तेच नाव त्यांनी उचललं. कुणीही यावं आणि खोडावं, ही कल्पना अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. पण २००१ च्या जानेवारीत याच कल्पनेवर विकिपीडिया उभा राहिला आणि २००३ साली मराठी विकिपीडियाही आला. याचं पेटंट का घेतलं नाहीत, असं २००६ साली एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, की यासाठी कुणी पैसे मोजेल असं वाटलंच नाही!

त्याच २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ डोंगरातल्या गावी सतरा जण जमले. त्यांत कनिंगहॅम होते आणि बेकही. आधी सगळा आराखडा, मग सगळं लेखन, मग तपासणी, असा वरून खाली कोसळणाऱ्या धबधब्यासारखा शिरस्ता त्यांना जाचत होता. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. नियमांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा, कागदांच्या ढिगापेक्षा चालणारा प्रोग्रॅम मोलाचा, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाची साथ मोलाची, आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं. या पद्धतीला 'अ‍ॅजाइल', म्हणजे चपळ, हे नाव पडलं. आज भाचीच्या कचेरीत पंधरा दिवसांचे टप्पे आणि सकाळची उभ्या उभ्या बैठक असते, ती याच गोतावळ्यातली. ''पण बैठक उरलीय आणि बोलणं गेलंय,'' ती म्हणाली. कर्मकांड मागं राहतं आणि देव निघून जातो, हे काही फक्त देवळातच घडतं असं नाही.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर निघताना ती म्हणाली, ''सोमवारी मी साहेबांना तुझ्या त्या बाईंची गोष्ट सांगणार. बघू, दोन आठवडे दुरुस्तीसाठी मिळतात का.''

मिळाले की नाही ते तिनं अजून कळवलेलं नाही. मी मात्र त्या रात्री कपाटातलं एक बाड काढलं. 'नंतर पाहावे' असं समासात लिहिलेली अकरा पानं त्यात निघाली.