दरड सावरा, पण आधी मजूर वाचवा!

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील बुद्धलेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. कुठे खांब राखायचा, कुठे भिंत सोडायची, हे त्या पाथरवटांना कळत होते. म्हणूनच ते छत आजही उभे आहे. त्याच नाशिक तालुक्यात सारूळ, राजूर बहुला भागात आज खडीसाठी डोंगर फोडले जातात. पोकलेन आहे, सुरुंग आहे, इंजिनिअर आहे. मग दगडखाणीत दरड कोसळतेच कशी?

आपला काळा कातळ अभेद्य दिसतो, पण तो लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. दोन टणक थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा किंवा मुरमाचा मऊ पट्टा असतो. सुरुंगाने भेगा रुंदावतात, पावसाचे पाणी आत शिरते, मऊ पट्टा सैल होतो आणि सरळ उभी कापलेली कड खाली येते. तिला निसर्गाचा कोप म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

दरड कोसळली की बहुतेकदा पायथ्याचा ढिगारा उपसायची घाई होते. हीच सर्वांत घातक चूक! तोच ढिगारा वरच्या कडेला टेकू देत असतो. तो काढला की दुसरी दरड येते आणि यावेळी खाली मजूर असतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी काम बंद करून माणसे हलवावीत. माथ्यावरच्या भेगांवर खुणा करून त्या रुंदावतात का ते रोज मोजावे. माथ्यावर चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवावे. मग वरून खाली सैल दगड उतरवत पायऱ्या पाडाव्यात. पायथ्याशी जाळीबंद दगडांचा भक्कम टेकू द्यावा, आतले पाणी निघायला छिद्रे ठेवावीत. कातळ फुटीर असेल तर लोखंडी बोल्ट व जाळी लावावी.

कायद्यानेही हे सांगितलेले आहे. १९६१ च्या खाण विनियमांनुसार माती-मुरमात पायरी दीड मीटरपेक्षा, तर कठीण कातळात परवानगीशिवाय ६ मीटरपेक्षा उंच नको. काठापासून ३ मीटरच्या आत सैल दगड नको. कड खालून पोखरायची नाही. 'ही खाण नाही, साधी क्वारी आहे,' हा बचाव सुरुंग वापरणाऱ्याला १९५२ च्या खाण कायद्यातही नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. नाव बदलले म्हणून मालकाची जबाबदारी संपली काय?

वकिली करताना अशाच एका मृत मजुराची पत्नी माझ्याकडे आली होती. हजेरीपटावर तिच्या नवऱ्याचे नावच नव्हते. मुकादम म्हणे, मी ओळखत नाही. मालक म्हणे, मुकादमाला विचारा. दगड फोडणारा माणूस वडार, आदिवासी नाहीतर आपल्याच वस्तीतला. म्हणून तो कागदावरही नाही!

२०१५ च्या जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून बळी गेले. त्यानंतर सैल दगड काढून डोंगराला पोलादी जाळ्या लागल्या. ते योग्यच झाले. पण जे तंत्र मोटारीतल्या माणसासाठी सापडते, ते खाणीतल्या माणसासाठी का सापडत नाही?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला गेले आणि स्वतः कोळसा खाणीत उतरले. आपल्या कार्यकर्त्यांनी निदान खाणीच्या काठापर्यंत तरी जावे. प्रत्येक मजुराचे नाव हजेरीपटावर आहे का, कड पायऱ्यांनी कापली आहे का, हे पाहावे. नसेल तर खाण सुरक्षा महासंचालनालय आणि जिल्हाधिकारी, दोघांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. दुरुस्तीचा खर्च मालकाकडून वसूल व्हावा आणि कड सुरक्षित असल्याचा दाखला मिळेपर्यंत एकही सुरुंग उडू नये, ही मागणी धरावी. खणणाऱ्याने नफा न्यायचा आणि फोडणाऱ्याने जीव द्यायचा, हा हिशेब आता बंद झाला पाहिजे. पावसाळ्याआधी!