घरचे वाचन, लेखांक ६ : अडलेला शब्द

वाचताना मूल शब्दापाशी अडते, त्याची कारणे मुख्यतः दोन. एक तर शब्द तोंडातला असतो, पण लिपीतली त्याची मांडणी उलगडत नाही. किंवा अक्षरे जुळतात, पण अर्थ लागत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने शब्द लगेच सांगून टाकू नये. चार-पाच सेकंद थांबावे आणि मूल नेमके कशाला अडले ते पाहावे.

लिपीच्या बहुतेक अडचणी धाराशिव जिल्ह्यातल्या एसटीच्या पाट्यांवरच भेटतात. ‘नळदुर्ग’मधला रफार दिसतो ‘ग’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र ‘ग’च्या आधी, म्हणून मूल ‘दुग्र’ वाचते. ‘परंडा’ आणि ‘कळंब’ यांतले टिंब एकसारखे, तरी ‘ड’आधी त्याचा ‘ण्’ होतो आणि ‘ब’आधी ‘म्’. ‘उमरगा’ लिहिताना ‘र’ पूर्ण असतो, बोलताना तो अर्धा होतो. त्यामुळे उ-म-र-गा अशी अक्षरे सुटी वाचणाऱ्याला रोजच्या ओळखीचे गावही सापडत नाही. अशा वेळी ‘नळ’ बोटाने झाकून आधी ‘दुर्ग’ वाचून घ्यावा, मग पूर्ण शब्द सलग म्हणायला लावावा आणि शेवटी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचून घ्यावे. घाईत हा शेवटचा टप्पा हमखास राहून जातो. खरे तर तोच सर्वांत मोलाचा, कारण अडखळण्यात तुटलेला अर्थ तिथे पुन्हा जुळतो.

अर्थाची अडचण निराळी. ‘अवर्षण’ हा शब्द मुलाने कधी ऐकलेला नसतो; पण आटलेली विहीर, पाण्याचा टँकर, जनावरांची छावणी या गोष्टी या जिल्ह्यातल्या मुलांना सांगाव्या लागत नाहीत. शब्दकोशातली व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा या अनुभवाशी शब्द जोडून द्यावा. घरात कन्नड, उर्दू किंवा तांड्यावरची गोरमाटी बोलली जात असेल, तर अर्थ आधी त्याच भाषेत सांगावा. त्याने मराठी वाचन मागे पडत नाही. उलट शब्द लवकर आपलासा होतो.

चित्र पाहून मूल ‘पर्जन्य’च्या जागी ‘पाऊस’ वाचते, तेव्हा रागावू नये. अर्थ बरोबर आहे असे सांगून पहिल्या दोन अक्षरांकडे लक्ष वेधावे. पानात पाचाहून अधिक शब्द अडू लागले, तर ते पुस्तक तूर्त जड आहे; ते मोठ्यांनी वाचून दाखवावे आणि मुलाच्या हाती सोपे द्यावे.

तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावे, हे २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. वर्गात शिक्षकाला प्रत्येक मुलाचे वाचन रोज ऐकणे जमतेच असे नाही. घरी ते काम अक्षरओळख नसलेली आजीही करू शकते. तिने शेजारी बसून पूर्ण ऐकावे आणि ‘काय वाचलंस, मला सांग बरं’ एवढे जरूर विचारावे.