मंद दिव्यांचे गणित

जुन्या पिकअप गाडीचे पुढचे दिवे मंद वाटू लागले, की पुष्कळजण जास्त वॅटचे दिवे आणून स्वतःच बसवतात. प्रकाश थोडासाच वाढतो, तारा मात्र तापतात. असे का होते ते पाहू.

बॅटरी 12 व्होल्टची आणि दोन दिवे 60-60 वॅटचे धरले, तर प्रवाह 120 ÷ 12 = 10 अँपिअर. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह चालकासमोरच्या बटणातून, बारीक तारांनी दिव्यांपर्यंत जातो. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मेकॅनिक तिला ‘अर्थ’ म्हणतात. तिच्या जोडावर गंज चढला, की रोध वाढतो. समजा, वाटेतला एकूण रोध 0.2 ओहम झाला. ओहमच्या नियमानुसार जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच संपतात. दिव्याला उरतात 10 व्होल्ट, आणि तेवढ्यावर त्याचा प्रकाश जेमतेम निम्मा पडतो!

मोठा दिवा लावला, तर प्रवाह वाढतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आवरण वितळून आगही लागू शकते.

म्हणून आधी अर्थचा जोड घासून घट्ट करावा. मग रिले बसवावा. आता बटणातून फक्त रिलेतल्या विद्युतचुंबकापुरता अल्प प्रवाह जातो. दिव्यांना बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार मिळते.

हे मोजता येते. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थ-टोकाला लावा. दिसणारा आकडा म्हणजे परतीच्या वाटेत हरवलेले व्होल्ट.