33.15 सेकंदांत 10 मिरच्या… पण गल्ल्यात काय आलं?

व्हिडिओत राहिलेला मुद्दा इथे सांगतो.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या ग्रेगरी फॉस्टरने 2022 मध्ये 10 कॅरोलिना रीपर मिरच्या 33.15 सेकंदांत खाल्ल्या. गिनीज विक्रम! तिखटपणा मोजायचं माप स्कोव्हिल; त्यात या मिरचीची सरासरी 16,41,183. आपली लवंगी यापुढे काकडीच समजा. त्याआधी 3 रीपर 8.72 सेकंदांत खाऊन त्याने कॅनडाच्या माइक जॅकचा 9.72 सेकंदांचा विक्रम मोडला होता. म्हणजे याचाही विक्रम उद्या कुणीतरी मोडणार.

मग कमाई कुठे? विक्रम केला म्हणून गिनीज एक रुपयाही देत नाही. पण फॉस्टरची इन्फर्नो फार्म्स ही हॉट सॉसची कंपनी आहे. मिरचीची बातमी आवडीने वाचणारा माणूस म्हणजे सॉसचंच गिऱ्हाईक! म्हणून गर्दी जमवायच्या आधी स्वतःला विचारा, या लोकांना मी काय विकणार?

मी नव्हतं विचारलं. स्टेशनरीच्या दुकानापुढे वडापाव खायची स्पर्धा ठेवली. 4,000 रुपये गेले, गर्दी तुफान, आणि वही एकसुद्धा खपली नाही. हात पुसायला कागद तेवढा मागत होते, तोही फुकट.