हिंगूळ, हरताळ आणि अहिराणी कोशाची फाइल

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना ठाऊक असते की, पान काळ्या शाईने भरलेले असले तरी अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे आकडे आणि 'उवाच'सारखे शब्द अनेकदा तांबडे असतात. कुठे ते हिंगुळाच्या शाईने लिहिलेले असतात, तर कुठे काळ्या अक्षरांवरून गेरूचा हात फिरवलेला असतो. चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप दिला जाई. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्या लेपातूनच आला. तांबड्या रंगाने मजकुरात एका अक्षराचीही भर पडत नसे. कोण बोलते आहे, कुठे संपले, एवढेच तो वाचणाऱ्याच्या डोळ्याला सांगे.

संगणकावर साधा मजकूर लिहिणाऱ्यांनी हीच सोय नव्याने शोधली आणि तिला 'सिंटॅक्स हायलायटिंग' असे नाव दिले. मी तिला 'रचनारंग' म्हणतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तिचे नवल उरलेले नाही. पण गेली काही वर्षे अहिराणी शब्दांचा कोश रचताना ती मी स्वतःच्या कामासाठी घडवली, आणि ती कोशकाराच्या किती उपयोगाची आहे हे मला त्यातून कळले. मी शिक्षणाने भाषातज्ज्ञ नाही, संगणकतज्ज्ञही नाही. म्हणूनच हे सर्व साध्या शब्दांत सांगता येईल असे वाटते.

आधी कोशाची अडचण समजून घेऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. त्याचे कोणतेही पान उघडा, मूळ शब्द कोणता आणि अर्थ कोणता हे विचारावे लागत नाही. शब्द देवनागरीत आहे, अर्थ रोमन लिपीत. दोन लिप्यांनीच रंगाचे काम केले आहे. अहिराणी-मराठी कोशाला ही सवलत नाही. इकडेही देवनागरी, तिकडेही देवनागरी. त्यातून दोन्ही भाषा सख्ख्या शेजारणी. मराठीतला 'ळ' अहिराणीत बहुधा 'य' होतो. डोळा म्हणजे 'डोया', केळ म्हणजे 'केय', काळा म्हणजे 'काया'. आता नुसता 'काया' हा शब्द समोर आला तर तो अहिराणीतला काळा आहे की मराठीतले शरीर? जागा कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

कोश कशात लिहावा हा पुढचा प्रश्न. नव्वदच्या दशकात खानदेशातली पुष्कळ लोकगीते आणि शब्दयाद्या त्या काळच्या फाँटांत टाइप झाल्या. ते फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाँट गेला की त्या फाइलीत निरर्थक रोमन अक्षरे उरतात. माझ्याकडेही अशी काही पाने आहेत. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले, आणि अक्षर फाँटावर अवलंबून राहिले नाही. त्यामुळे कोश युनिकोडात ठेवायचा हे ठरलेले होते. शिवाय तो कोणत्याही एका सॉफ्टवेअरच्या पोटात न ठेवता साध्या मजकुरात ठेवायचा, म्हणजे वीस वर्षांनी कोणीही कशातही उघडू शकेल, हेही ठरवले.

साध्या मजकुराला ठळक, तिरपे काही नसते. मग रचना कशी सांगायची? अक्षरांनीच. जगभर लहान भाषांचे कोश करणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी उलटी तिरकी रेघ देऊन पुढे ओळीचा प्रकार लिहायचा. 'शूबॉक्स' आणि पुढे 'टूलबॉक्स' या आज्ञावलींनी ती रूढ केली. शब्दांच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात ठेवण्याच्या अभ्यासकांच्या सवयीवरून पहिलीला ते नाव पडले. तिथल्या खुणा रोमन अक्षरांच्या आहेत. मी त्या मराठीत केल्या. एक नोंद अशी दिसते :

\शब्द डोया
\जाती नाम, पुल्लिंगी
\अर्थ डोळा
\उदा मन्हा डोया दुखस.
\मराठी माझा डोळा दुखतो.
\तालुका शहादा

एक नोंद वाचायला सोपी आहे. अशा शेकडो नोंदी एकाखाली एक आल्या की पडदा म्हणजे सारख्याच काळ्या अक्षरांची भिंत होते. '\अर्थ'च्या जागी '\अथ' पडले तर डोळा ते आपोआप दुरुस्त करून वाचतो आणि पुढे जातो. संगणक मात्र दुरुस्त करून वाचत नाही. छपाईसाठी फाइल लावताना तो अर्थ गहाळ होतो.

इथे एका मोठ्या कोशाची आठवण उपयोगी पडते. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश 1984च्या सुमारास संगणकावर आणायला घेतला. त्या कामासाठी आयबीएमच्या माइक कौलिशॉ यांनी 1985 साली 'लेक्स' नावाचा संपादक लिहिला. संपादक म्हणजे इथे मजकूर लिहिण्याची व बदलण्याची आज्ञावली. नोंदीतले वेगवेगळे घटक, टाइप होत असतानाच, वेगळ्या रंगांत आणि अक्षरवळणांत दाखवणारा तो अगदी सुरुवातीच्या संपादकांपैकी एक. कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली. प्रोग्रॅमरांची म्हणून ओळखली जाणारी ही सोय सुरुवातीच्या काळात कोशकाराच्या टेबलावर वाढली, हे वाचून मला धीर आला.

मी वापरतो तो संपादक 'व्हिम'. तो फुकट मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी तो घडवला, आणि त्यात रचनारंगाची सोय 1998 साली पाचव्या आवृत्तीत आली. त्याच वर्षी 1 जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. योगायोगच, पण साल लक्षात ठेवायला बरे.

व्हिमला अहिराणी कोश म्हणजे काय हे माहीत नाही. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, कोणत्या फाइलींना हे नियम लावायचे. माझ्या फाइलींची नावे '.कोश'ने संपतात, तेवढी ओळख त्याला पुरते. दुसरी, मजकुराचे कोणते तुकडे कोणत्या प्रकारचे. तिसरी, कोणत्या प्रकाराला कोणता रंग. दुसरी आणि तिसरी वेगळी ठेवण्यात शहाणपण आहे, कारण डोळ्यांना रंग सोसला नाही तर नियमांना हात न लावता तो बदलता येतो.

तुकडा ओळखण्यासाठी त्याचा साचा द्यावा लागतो. 'ओळीच्या आरंभी उलटी तिरकी रेघ आणि पुढे शब्दाची अक्षरे' असा साचा मनात येणे स्वाभाविक. पण व्हिममध्ये 'शब्दाचे अक्षर' या संकेतात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि खालची रेघ येतात. देवनागरी त्यात बसतच नाही. 'अ ते ह' असा पट्टा द्यावा तर युनिकोडात काना, मात्रा, वेलांट्या 'ह'च्या पुढे आहेत आणि अनुस्वार 'अ'च्या आधी. म्हणून खुणेची व्याख्या अक्षरांवर बांधायची नाही, मोकळ्या जागेवर बांधायची : तिरक्या रेघेपासून पहिली मोकळी जागा येईपर्यंत जे काही आहे ती खूण. हा साचा कोणत्याही लिपीत चालतो.

मग चुकीची खूण पकडायची कशी? व्हिमचा एक नियम इथे कामी येतो. एकाच जागेपासून दोन साचे जुळत असतील तर नंतर लिहिलेला चालतो. म्हणून मी आधी लिहिले : तिरक्या रेघेने सुरू होणारी प्रत्येक खूण तांबडी. त्याखाली एकेक खरी खूण लिहिली, तिच्यानंतर मोकळी जागा असावीच लागेल अशा अटीसह, आणि तिला फिकट राखी रंग दिला. परिणाम असा की, ओळखीच्या खुणा मागे सरतात आणि '\अथ' तांबडीच राहते. चुकांची यादी करावी लागत नाही. बरोबर काय एवढे सांगितले की पुरते.

खुणा फिकट ठेवण्याचे कारण आहे. लिहिताना पाहायचा असतो शब्द. म्हणून '\शब्द' आणि '\उदा' या ओळींतला अहिराणी मजकूर गडद हिरवा, तर मराठी अर्थ आणि भाषांतर साधे काळे. मोल्सवर्थला दोन लिप्यांनी जे दिले ते इथे दोन रंग देतात. 'काया' हिरवा असेल तर तो काळा. काळा असेल तर ते शरीर. उदाहरणे कधी दोन-तीन ओळींची असतात, त्यामुळे रंगाचा प्रदेश पुढची तिरकी रेघ येईपर्यंत चालू ठेवावा लागतो. लांबलचक फाइलीत एकदम मध्येच उडी मारली तर व्हिम गोंधळू शकतो, आपण उदाहरणात आहोत की अर्थात? त्याला सांगून ठेवले आहे की मागे जाऊन जवळची '\शब्द' ओळ गाठ आणि तिथून मोजायला लाग. नोंदीचा आरंभ ही खात्रीची जागा.

तिसरा रंग पिवळा. तो शंकेसाठी आहे. मराठी टाइप करणाऱ्यांच्या हातून विसर्गाच्या जागी अपूर्णविराम सर्रास पडतो. 'दुःख' छापून दिसते तसेच, पण शोधायला गेले तर सापडत नाही. दोन देवनागरी अक्षरांमध्ये अडकलेला अपूर्णविराम म्हणून पिवळा होतो. 'पोऱ्या' हा अहिराणीतला नेहमीचा शब्द. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो : एकदा नुक्त्याच्या 'ऱ'ने, एकदा साध्या 'र'नंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, अनुक्रमात दोन वेगळे शब्द. जोडक असलेले अक्षर पिवळे होते. रंग नेहमी अख्ख्या अक्षराला द्यावा लागतो. जोडाक्षराच्या मध्येच रंग बदलला तर अनेक ठिकाणी ते अक्षर फुटून दिसते.

पिवळ्याचा सर्वात मोलाचा नियम मात्र फक्त आमच्या भाषेचा आहे. हिरव्या मजकुरात 'ळ' आला की तो पिवळा होतो. शाळेत मराठी शिकलेला हात 'डोया' ऐकून 'डोळा' लिहितो. लिहिणाऱ्याला वाटते, आपण शुद्ध केले. मुद्रितशोधकालाही तसेच वाटते. अशा शुद्धीकरणातून बोली नाहीशी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण उरलेला शब्द मराठीत बरोबरच असतो. पिवळा 'ळ' म्हणजे चूक असे नाही. शिकलेल्यांच्या तोंडी, काही गावांत, 'ळ' खरोखर येतो. पिवळा रंग एवढेच म्हणतो की, सांगणाऱ्याला पुन्हा विचारा. ज्या भाषेचे सांगणारे वर्षागणिक कमी होत आहेत, तिथे ते हयात असताना विचारणे झालेले बरे.

नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या पथारीवर बसलेल्या बाया पांढरट पडलेली मिरची नजरेसरशी वेचून बाजूला काढतात. लाल राशीत पांढरे लगेच दिसते. रचनारंगाचे काम असेच आहे, आणि त्याच्या मर्यादाही तशाच. मिरची तिखट आहे का, हे रंग सांगत नाही. अर्थ बरोबर दिला का, 'पहा' म्हटलेला शब्द कोशात आहे का, नाम असताना विशेषण तर लिहिले नाही ना, हे माणसालाच पाहावे लागते. शिवाय लाल-हिरवा फरक न कळणारे लोक असतात. त्यांच्यासाठी तांबड्याला ठळकपणा आणि पिवळ्याला अधोरेखा जोडली आहे.

यातला कोणताही रंग कोशाच्या फाइलीत नाही, आणि मला हे सर्वात महत्त्वाचे वाटते. पोथीवर हिंगूळ एकदा लागला की तो कागदाचा झाला. इथे नियमांची फाइल वेगळी आहे. उद्या व्हिम राहिला नाही तरी तिरक्या रेघांचा मजकूर जसाच्या तसा राहील आणि कोणीतरी त्याला नव्या संपादकात नवे रंग देईल.

ग्रियर्सनने 1907 साली भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींबरोबर खानदेशीची नोंद घेतली. पावरी, मावची, देहवाली या आमच्या जिल्ह्यातल्या बोलींनाही त्याच भागात जागा मिळाली. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे अहिराणीचा कोश सिद्ध केला. पावरी, मावचीसाठी असे काम जो करील त्याच्यामागे ऑक्सफर्डसारखी संस्था असण्याचा संभव कमी. बहुधा एखादा शिक्षक असेल किंवा नवापूर, धडगावकडची एखादी मुलगी, घरातल्या म्हातारीला विचारून लिहिणारी. तिला माझ्या नियमांच्या फाइलीत खुणांची यादी बदलावी लागेल. 'ळ'चा नियम काढून तिच्या भाषेत मराठी जिथून शिरते त्या जागेचा नियम घालावा लागेल. ती जागा कोणती, हे तिला आणि त्या म्हातारीलाच ठाऊक असेल. बाकीच्या ओळी जशाच्या तशा चालतील. फाइल लहान आहे. मागेल त्याला मी ती देतो.