रिसेल फ्लॅट घेतलाय? पडद्यांआधी लॅचकडे बघा

नव्या घरात जाताना लोक आधी पडदे आणि रंग बघतात. माझं मत: आधी कुलूप. रिसेल फ्लॅटच्या चाव्या जुन्या भाडेकरूकडे, कामवाल्या मावशींकडे, कधी एजंटकडेही असतात. किती डुप्लिकेट निघाल्या, हे मालकालाही आठवत नाही. बरं, अख्खं कुलूप बदलावं लागतंच असं नाही. सिलिंडरवालं मॉर्टिस लॉक असेल तर दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढा, चावी किंचित फिरवा, सिलिंडर सरकून बाहेर येतो. तो हातात घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, म्हणजे मापाचा घोळ होत नाही.

'राहू दे तुम्हाला' म्हणून मागे ठेवलेली गॅसची नळी मात्र वापरू नका. नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा 5 वर्षांनी बदलायची असते, दिसायला धडधाकट असली तरी. आयएसआय मार्क बघून घ्या. गळती तपासायला साबणाचा फेस, काडी नव्हे!

आता विजेचा बोर्ड. एमसीबी असतो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी. माणसाला शॉकपासून वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. त्यावरचं टेस्ट बटण दाबा. लगेच ट्रिप झाला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बसवलेलाच नसेल तर रंगकामाआधी बसवून घ्या, बाथरूममध्ये गीझर असेल तर नक्कीच.

आणि हो, वीजबिलावरचं नाव बदलायचा अर्ज देऊन टाका. मालकीच्या पुराव्यासाठी इंडेक्स टू लागेल, तो सामानाच्या खोक्यात जायच्या आत बाजूला काढा.